मेन स्विच आणि बिट्रिसबाईंचं टपाल

रविवार, ३१ मार्च २०२४. ईस्टर.
साडेचारला उठले. सातची मिस, चर्च भरलेलं. सोरपोतेल कालच करून ठेवलं होतं, आज फुगे तळले. एकशे चार झाले, पहिला घाणा करपला. फ्रँकलिन आणि शिवानी डोंबिवलीहून साडेअकराला आले. टान्याचा मेलबर्नहून फोन, तिकडे थंडी सुरू. जेवताना माझ्या पत्रपेटीवरून वाद. ठरलेली अट शब्दशः: 'आजपासून पेंटेकॉस्टच्या रविवारपर्यंत मम्मीच्या पेटीत येणारं एकही पत्र हरवलं, तर यंत्र भंगारात आणि मम्मी सगळ्यांसारखी फुकटच्या मेलवर. नाही हरवलं, तर फ्रँकलिन या विषयावर पुन्हा तोंड उघडणार नाही.' साक्षीदार शिवानी आणि दौलत म्हात्रे. दोघांच्या सह्या घेतल्या. उरलेले फुगे अकरा.

सह्या करणाऱ्यांच्या हाताला फुग्यांचं, म्हणजे मैद्याच्या तळलेल्या गोळ्यांचं, तेल होतं. त्या पानावर अजून दोन पारदर्शक डाग आहेत आणि त्यांतून मागच्या पानावरची गुड फ्रायडेची नोंद वाचता येते.

बिट्रिस रिबेलो यांचं वय बहात्तर आणि त्यांच्या रोजनिश्या एकसष्ट. ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सहावीत असताना एका सिस्टरने वर्गाला सांगितलं होतं, "मुलींनो, रोज झोपण्यापूर्वी दिवसभरात काय घडलं ते लिहा. काय वाटलं ते लिहू नका, ते देवाला आधीच माहीत असतं." बाकीच्या मुलींनी आठवडाभर लिहिलं. बिट्रिस अजून लिहिते आहे. लग्नाच्या दिवशीची नोंद आहे, 'केक सव्वाअकराला आला. विवाह लागला. बँडवाले दोन कमी.' नवऱ्याच्या दफनाच्या दिवशीची नोंद आहे, 'दुपारी ऊन. दोनशे माणसं असावीत. खुर्च्या कमी पडल्या.'

या सवयीने बाईंचा एकदाच घात केला, आणि पेटीचं सगळं प्रकरण तिथून सुरू झालं.

नवरा सिल्वेस्टर जहाजावर इंजिन रूममध्ये होता. वर्षातले नऊ-दहा महिने पाण्यावर. सुरुवातीची त्याची पत्रं परदेशी तिकिटं लावून यायची, ती बुटाच्या खोक्यात आहेत. नंतर जहाजावर आणि बंदरात इंटरनेट आलं आणि सिल्वेस्टर ईमेलवर गेला. एका फुकटच्या कंपनीत त्याने घरासाठी खातं उघडलं, त्याची पत्रं तिथे यायची आणि खात्याचा पासवर्ड बाईंच्या २००१च्या वहीच्या शेवटच्या पानावर होता. तो लिहायचा भरभरून. स्वयंपाक्याशी झालेलं भांडण, बंदरातल्या बाजारातले मासे, घरातल्या सगळ्यांना सूचना. आणि बाई त्या दिवशीच्या वहीत लिहायच्या, 'सिल्वेस्टरचं पत्र आलं. बरा आहे.' मजकूर उतरवून घ्यायचा कशाला? तो पेटीत होताच.

२०१२ साली तो निवृत्त होऊन घरी आला आणि पत्रं थांबली. २०१९ साली सिल्वेस्टर गेला. पत्रं कुठे पळून जात नाहीत, सावकाश वाचू, म्हणून बाईंनी पेटी बंदच ठेवली. २०२३च्या नोव्हेंबरात, मृतांच्या महिन्यात, कबरीवर फुलं ठेवून त्या घरी आल्या, चष्मा पुसला आणि २००१च्या वहीतला पासवर्ड घातला. असं खातं अस्तित्वात नाही, असं उत्तर आलं. बराच काळ कोणी उघडलं नाही म्हणून कंपनीने ते काढून टाकलं होतं. तसं आधी कळवलंही होतं म्हणे. कळवलं होतं त्याच पेटीत.

अकरा वर्षांच्या पत्रांबद्दल आता वह्यांत एवढंच उरलं होतं, की सिल्वेस्टर बरा आहे.

त्या दिवशी बाईंनी काय घडलं ते लिहिलं. मग प्रथमच एक ओळ खोडली. मग समोरच्या दाराची कडी वाजवली.

समोर दौलत म्हात्रे. कोपरीतल्या त्या जुन्या दुमजली इमारतीत पहिल्या मजल्यावर दोनच घरं, मध्ये सहा पावलांची गॅलरी. दौलतभाऊंची चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि म्हणाले, "बाय, फुकटच्या पेटीत आपण भाडेकरू पण नसतो. भाडेकरूला नोटीस तरी दारावर लावतात. आपण तिथे पाहुणे. घरवाल्याला वाटलं की बिछाना बाहेर."

"मग स्वतःचं घर घ्यायचं कसं?"

"घ्यायचं आपलं नाव, ठेवायचं आपल्या घरात यंत्र. पत्र येणार ते थेट तुमच्या टेबलावर. काढून टाकणार कोण? तुम्हीच."

तीन आठवडे गेले. रिबेलो नावाची इंटरनेटवरची पाटी घेतली, म्हणजे पत्त्यात कंपनीचं नाव जाऊन घराचं आलं. केबलवाल्याकडे इंटरनेटचा कायमचा नंबर मागितला, कारण पोस्टमनला रोज बदलणारा घरनंबर चालत नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आंटी, घरच्या कनेक्शनवर कायमचा नंबर कशाला हवाय?" बाई म्हणाल्या, "मला पत्रं येतात." मुलीने फॉर्म पुढे सरकवला.

यंत्र म्हणजे फ्रँकलिनचा टाकून दिलेला लॅपटॉप. बिजागरी मोडलेली, बॅटरी मेलेली, प्लगला लावला तरच चालणारा. दौलतभाऊंनी आतलं सगळं पुसून त्यात टपाल खातं उभं केलं आणि तो शिवणयंत्राच्या टेबलावर बसला. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर क्रोशाचं पांढरं झाकण घातलं.

"बाय, त्याला आधीच गरम होतंय, स्वेटर काय घालताय!" दौलतभाऊ ओरडले. मग वाटाघाटी होऊन झाकणाला पंख्याच्या बाजूने भोक विणलं.

आणि खरं सांगायचं तर बाईंना इतकी मजा पुष्कळ वर्षांत आली नव्हती. पूर्वी, सिल्वेस्टर असताना, जुन्या पेटीत टान्याला गुडघ्याबद्दल लिहिलं, की शेजारी लगेच गुडघ्याच्या तेलाची जाहिरात हजर. इथे कोणी डोकावत नव्हतं. 'जागा संपत आली' अशी धमकी नाही. कुठूनही, कोणाच्याही संगणकावर आपला पत्ता टाकून पेटी उघडायची आणि काम झालं की बंद करायची. पेटी कोपरीत, किल्ली पर्समध्ये. शिवाय हवे तितके पत्ते काढता येत. एक स्वतःचा. एक 'मसाला' नावाचा, कारण वर्षभरासाठी बाटलीत भरायच्या मसाल्याचं प्रमाण विचारणाऱ्या बायका मे महिन्यात जीव नकोसा करत. आणि एक 'तक्रार' नावाचा. तो खास फ्रँकलिनसाठी. तिथली पत्रं बाई शनिवारी वाचत.

सगळ्यात आवडली ती यंत्राची नोंदवही. कोणतं पत्र किती वाजता दाराशी आलं, कोणाकडून आलं, आत घेतलं की परत पाठवलं, हे यंत्र स्वतःच सेकंदासकट लिहून ठेवत होतं. काय घडलं ते. काय वाटलं ते अजिबात नाही. "सिस्टरला आवडलं असतं हे," बाई म्हणाल्या.

अडचणी नव्हत्या असं नाही. बाईंची पहिली तीन पत्रं टान्याच्या कचरापेटीत सापडली, लॉटरी लागल्याच्या दोन पत्रांच्या मध्ये. नवख्या घरातून आलेल्या पत्राकडे मोठ्या कंपन्या संशयाने बघतात. दौलतभाऊंनी बाईंच्या सहीचा नमुना जगाला कळेल अशी काहीतरी व्यवस्था केली आणि पंधरा दिवसांत पत्रं सरळ जाऊ लागली. पण डोंबिवलीला एका कंपनीत संगणकावरच काम करणारा फ्रँकलिन ते विसरला नाही. ईस्टरच्या जेवणात तो म्हणाला, "मम्मी, हे म्युझियम बंद कर. उद्या तुझ्या डॉक्टरचा रिपोर्ट हरवला तर?" त्यातून ती अट निघाली.

पुढचे सात आठवडे फ्रँकलिनने आईला जितकी पत्रं लिहिली, तितकी चाळीस वर्षांत लिहिली नव्हती. सकाळी सहा दहाला, 'मम्मी उठलीस?' दुपारी ऑफिसातून, 'टेस्ट.' रात्री, 'टेस्ट दोन.' एकदा नुसताच एक टिंब. बाई प्रत्येकाची पोच देत आणि वहीत वेळ घालत. 'टिंब मिळालं, ३.०७.' अठरा मेपर्यंत त्रेचाळीस पत्रं झाली. एकही हरवलं नाही.

धोका बाहेरून नव्हताच. तो दाराशेजारी भिंतीवर होता.

१९८७ साली बिट्रिसबाई इस्त्री चालू ठेवून बाजारात गेल्या होत्या. इस्त्रीने टेबलाला आरपार भोक पाडलं. सिल्वेस्टर त्या वेळी रजेवर घरी होता. त्याने घराला नियम घालून दिला, बाहेर पडताना गॅस, मेन, कडी. याच क्रमाने. नंतर जहाजावरूनही तो वर्षानुवर्षं याची आठवण देत राहिला. बाई गॅस कधी विसरत नसत, मेन विसरत. पुढे पुढे विसरेनाशा झाल्या. मग तो नियम हाताचा झाला. फ्रिज बंद राहतो असं कोणी म्हटलं, तर बाई म्हणत, तासाभराने त्याचं काही बिघडत नाही. चर्चला जा, भाजीला जा, हात आपणहून मेन स्विच खाली ओढून यायचा.

आता मेन बंद म्हणजे यंत्र बंद आणि टपाल खातं बंद. म्हणून दौलतभाऊंनी स्विचवर लाल शाईचा कागद चिकटवला. 'हात लावू नये. आत टपाल चालू आहे.' त्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण हाताला वाचता येत नाही. खरा उपयोग दौलतभाऊंचाच. रोज सकाळी ते गॅलरीत पेपर वाचत बसत आणि बाई दाराशी आल्या की मान वर न करता ओरडत, "बाय, मेन!" बाईंचा हात हवेत थांबे. मेन चालू ठेवून त्या जिना उतरत आणि कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत त्यांना छातीत कसंसंच होई.

रविवार, एकोणीस मे. पेंटेकॉस्ट, ईस्टरनंतरचा सातवा रविवार. अटीचा शेवटचा दिवस.

दहाची मिस, मग फ्रँकलिन चर्चच्या दारात गाडी घेऊन येणार आणि डोंबिवलीला जेवण. बाईंनी लाल फुलांचा ड्रेस घातला. एका हातात फुग्यांचा डबा, दुसऱ्या हातात पर्स आणि छत्री. समोर गॅलरीत खुर्ची रिकामी होती. दौलतभाऊ पुतणीच्या हळदीला पहाटेच टिटवाळ्याला गेले होते.

बाई मोकळ्या मनाने जिना उतरल्या. गिरणीपर्यंत छातीत काहीसुद्धा झालं नाही. तेव्हाच त्यांना कळायला हवं होतं.

डोंबिवलीला शिवानीने पुरणपोळी केली होती. "मम्मी, तुमचा सण आणि माझा स्वयंपाक," ती म्हणाली. शिवानी म्हणजे पाटकरांची मुलगी, लग्नाला दहा वर्षं झालेली, आणि पत्रपेटीच्या बाबतीत उघडउघड सासूच्या बाजूची.

जेवण आटोपता आटोपता, एकला दहा कमी असताना, फ्रँकलिनने फोन हातात घेतला. "शेवटचं पत्र, मम्मी. चव्वेचाळिसावं. हे पोचलं की मी हरलो."

"टिंब असेल तर पाठवू नकोस. टिंबांचा कंटाळा आला."

"टिंब नाही." त्याने बोट दाबलं. "हे गेलं. उघड तुझी पेटी."

शिवानीने तिचा लॅपटॉप पुढे केला. बाईंनी पर्समधून चष्मा काढला, पत्ता एकेका बोटाने टाकला. पांढरं पान आलं. एक चक्र फिरत राहिलं. मग पानाने सांगितलं, की ही जागा सापडत नाही.

पुन्हा टाकला. सापडत नाही.

फ्रँकलिनने आधी छताकडे बघितलं, मग पुरणपोळीकडे. त्याच्या चेहऱ्यावर आनंद येत होता आणि तो त्याला दाबत होता. "कोपरीत लाइट गेली असेल," तो उदारपणे म्हणाला.

बाईंनी पर्समधून छोटी टिपणवही काढली. दिवसभरातलं त्या तीत टिपत आणि संध्याकाळी मोठ्या वहीत उतरवत. आजचं पान उघडलं. वाचलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. वही मिटून लाइट गेली असं म्हणता आलं असतं. घरात कोणी विचारणार नव्हतं.

"नऊ चाळीस," त्यांनी मोठ्याने वाचलं. "गॅस बंद, मेन बंद, कडी लावली."

फ्रँकलिन इतका हसला की त्याला ठसका लागला. "मम्मी! स्वतःच्या हाताने! आणि वर लिहूनही ठेवलंस!"

"घडलं ते लिहिलं."

"संपलं मग. उद्या भंगारवाला."

"अहो, हसताय काय?" शिवानी एकदम म्हणाली. "ते पत्र कोणाचं होतं ते सांगा आधी त्यांना."

फ्रँकलिनचं हसू थांबलं. तो घरात लहानपणी दिसायचा तसा दिसला. "पप्पांचं," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात माझ्या कॉलेजच्या जुन्या खात्यात सापडलं. मला लिहिलेलं, दोन हजार चारचं. एकच आहे. म्हटलं, शेवटचं पत्र जरा बरं असावं." त्याने फोन पुढे केला. "हे घे, इथे आहे. वाच."

बाईंनी फोनकडे बघितलं नाही. "नको."

"अगं, तेच आहे!"

"तुझ्या त्या फुकटच्या पेटीत, दुसऱ्याच्या ओटीवर उभं राहून मी त्याचं पत्र वाचणार नाही. माझ्या नावावर पाठवलंस ना? माझ्या पेटीत येईल तेव्हा वाचीन."

"येणार कसं? दार बंद होतं."

बाईंनी टान्याने दिलेला फोन काढला आणि शेजारी रंगूबाईंना लावला. रंगूबाई म्हणजे दौलतभाऊंच्या पत्नी. गुडघे दुखतात म्हणून हळदीला न गेलेल्या. घराची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे, पण यंत्राला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. क्रोशाचं झाकण चांगलं आहे, एवढंच त्यांचं मत होतं.

"रंगूबाय, माझं दार उघडा आणि मेन वर करा."

"तुम्ही आनि मेन वर करा म्हनता? बऱ्या हाव ना?"

"बरी आहे. करा तुम्ही."

किल्लीचा आवाज आला, मग चपला काढल्याचा, मग खट्. "झाला. पंखा बी लागला. मीटर फिरतोय."

"आता शिवणयंत्रावर झाकणाखाली लॅपटॉप आहे. त्याचं बटण दाबायचं."

"कनचा बटन? हितं तं बटनांचा बाजार भरलाय."

"उजव्या कोपऱ्यात, एकटं आहे ते. गोल."

"येकटं गोल... हां, गावला. दाबू?"

"दाबा."

"दाबला. काय नाय झाला."

"थोडं थांबा."

"बिट्रिसबाय, आतून घूं घूं करतोय. यो फुटंल काय?"

"नाही फुटणार. तो श्वास घेतोय. हिरवा दिवा लागला?"

"लागला गो बाय, लागला!" रंगूबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की डोंबिवलीच्या टेबलावर सगळ्यांना ऐकू आलं. घड्याळात एक पंचवीस झाले होते.

दहा मिनिटांनी पेटी उघडली. आत एका बाईचं पत्र होतं, मसाल्याला काश्मिरी मिरची किती, म्हणून विचारणारं. फ्रँकलिनचं नव्हतं.

आता फोन टिटवाळ्याला. पलीकडे हळदीचा बँड वाजत होता आणि दौलतभाऊ ओरडून बोलत होते. आधी ते मेन स्विचबद्दल दोन वाक्यं बोलले, ती बँडमुळे ऐकू आली नाहीत, ते बरंच झालं. मग म्हणाले, "घाबरू नका, बाय! पाठवणारा पोस्टमन दार बंद दिसलं म्हणून पत्र फाडून नाय टाकत. परत येतो! चार-चार दिवस खेपा मारतो!"

"परत कधी येणार?" फ्रँकलिनने फोन ओढून घेत विचारलं.

"ते त्याच्या मनावर! पहिल्यांदा लवकर येतो, मग जरा उशिराने. चला, मला हळद लावतायत!"

फ्रँकलिनने फोन खाली ठेवला. "असं कसं? वाट कुठवर बघायची? अट संपली."

बाईंनी ईस्टरची अट टिपणवहीच्या पहिल्याच पानावर उतरवून आणली होती. "एकही पत्र हरवलं, तर. हे तुझे शब्द. उशीर झाला तर, असं तू म्हणाला नव्हतास."

"मम्मी, तू वकील व्हायला हवी होतीस."

"मला सिस्टर व्हायचं होतं. तुझे पप्पा आडवे आले."

"बरं, सातपर्यंत," फ्रँकलिन म्हणाला. "सातला तुला कोपरीला सोडायला निघायचं. तोवर नाही आलं तर हरवलं."

"सातपर्यंत," बाई म्हणाल्या आणि तेही लिहिलं.

दोन वाजले, अडीच झाले. शिवानीने आंबे कापले. तीन वाजता पेटीत मेलबर्नहून टान्याचं पत्र आलं, मम्मी, अटीचं काय झालं? बाईंनी उत्तर दिलं, 'बसलो आहोत.' चारच्या सुमारास गमतीची गोष्ट घडली. बाई आंब्याची कोय चोखत शांत बसल्या होत्या आणि फ्रँकलिनच दर पाच मिनिटांनी येऊन पान ताजं करत होता.

"हरायची एवढी घाई?" शिवानीने चिमटा काढला.

"तसं नाही गं. एवढा वेळ लागतो का कधी? काहीतरी चुकलंय." मग तो आईजवळ बसला. "मम्मी, मी पुन्हा पाठवू का? दोन सेकंदांचं काम आहे."

"पहिलं हरवलं असं म्हणून पाठवणार का?"

फ्रँकलिनने फोन खिशात घातला.

"मग नको. तो रस्त्यात आहे. त्याला यायची सवय आहे उशिरा. फ्रँकी, तुझा जन्म झाला तेव्हा तो दहा दिवसांनी पोचला होता."

पाच वाजता चहा झाला. साडेपाचला बाई आपल्या डब्यात उरलेले फुगे मोजू लागल्या, तेव्हा शिवानीला कळलं की सासूचा धीर आता खरोखर संपत आला आहे. पावणेसहाला फ्रँकलिनने गाडीची किल्ली शोधली आणि पुन्हा फळीवर ठेवली.

सहाला आठ मिनिटं कमी असताना पानावर वरती एक ठळक ओळ आली.

"आलं," फ्रँकलिन म्हणाला, आणि जिंकल्यासारखा ओरडला. मग आपण हरलो हे लक्षात येऊन खाली बसला.

बाईंनी चष्मा लावला. पत्र रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठीत होतं, सिल्वेस्टर नेहमी लिहायचा तसं. सिंगापूर, चौदा ऑगस्ट. त्यांनी मोठ्याने वाचलं.

'बाबू, इथे पाऊस आहे. स्वयंपाक्याने काल मटणात साखर घातली, त्याला मी दोन दिवस बोलणार नाही. तू सबमिशन वेळेवर दे. टान्याला सायकल शिकव, पण मागून धर. मम्मीला मी लिहितोच, पण ती मला 'होय' म्हणते आणि विसरते, म्हणून तुला सांगतो. बाहेर पडताना ती गॅस बघते आणि मेन विसरते. तू आठवण कर. मेन बंद केलाच पाहिजे. तू घरी नसलास तर कोणीतरी ओरडायला पाहिजे. बाकी बरा आहे. पप्पा.'

शिवानीने तोंडावर पदर धरला, पण हसू बाहेर आलंच. फ्रँकलिनने टेबलावर डोकं टेकलं. "म्हणजे आज पेटी बंद पाडली ती पप्पांनीच."

"मग? मी ऐकते त्याचं," बाई म्हणाल्या. त्यांनी पत्र दुसऱ्यांदा वाचलं, या वेळी मनात, आणि तिसऱ्यांदा. नंतर कोणाला न विचारता चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. काचा तोवर स्वच्छच होत्या.

निघताना गाडीत फ्रँकलिन म्हणाला, "मम्मी, अट म्हणजे अट. या विषयावर मी तोंड उघडणार नाही."

"उघडलंस आत्ताच."

"शेवटचं. मला पण एक पत्ता दे ना तुझ्या पाटीवर. माझ्या त्या कॉलेजच्या खात्यात अजून काय काय आहे कोण जाणे. तेही कधी काढून टाकतील. सगळं तुझ्याकडे आणून ठेवतो."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. गाडी माजिवड्याच्या चौकात सिग्नलला थांबली होती. "अर्ज कर," त्या म्हणाल्या. "तक्रारच्या पत्त्यावर. शनिवारी वाचीन."

कोपरीला पोचल्यावर बाई आधी यंत्राकडे गेल्या. क्रोशाचं झाकण रंगूबाईंनी नीट घडी करून बाजूला ठेवलं होतं. बाईंनी यंत्राची नोंदवही उघडली आणि शेजारी टिपणवही ठेवली. बंद पडल्याची वेळ यंत्राने नऊ एकोणचाळीस लिहिली होती, बाईंनी नऊ चाळीस. स्वयंपाकघरातलं घड्याळ एक मिनिट पुढे आहे, हे त्यांना मार्चपासून माहीत होतं. त्यांनी स्टुलावर चढून ते मागे केलं.

मग मोठी वही घेतली. पण लिहायला बसण्याआधी २००४ची वही काढली आणि चौदा ऑगस्टचं पान शोधलं. 'सिल्वेस्टरचं पत्र आलं. बरा आहे.' त्याखाली तीन बोटं जागा कोरी होती. त्या जागेत त्यांनी, आजची तारीख घालून, फ्रँकलिनला आलेलं पत्र अक्षर न् अक्षर उतरवलं. साखर घातलेल्या मटणासकट. ते जागेत मावलं नाही, समासात चढलं.

एवढ्यात गॅलरीतून हळदीने पिवळे झालेले दौलतभाऊ ओरडले, "बाय, मेन!"

"आत बसलेय मी!" बाई ओरडल्या.

"असू द्या. आज दिवसभराचं राहिलं होतं!"

बाईंनी आजचं पान उघडलं, वर 'रविवार, १९ मे २०२४, पेंटेकॉस्ट' असं लिहिलं, मिस, पुरणपोळी, पत्र मिळाल्याची वेळ, सगळं क्रमाने घातलं आणि शेवटची ओळ लिहिली.

'फ्रिज पावणेचार तास बंद होता. अर्धा लिटर दूध नासलं. पनीर केलं.'